दात आणि वात

गजक खाल्ल्याशिवाय ग्वाल्हेरचा हिवाळा सरत नाही. तीळ-गुळाची ती खुसखुशीत वडी चाळिशीनंतर मला चावेना. खालचे पुढचे दात हलायचे, ब्रश केला की रक्त यायचं. त्याच सुमारास सकाळी मूठ वळेनाशी झाली. मनगटं सुजलेली, बोटं तास-दीड तास आखडलेली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरात याला वात म्हणायचे आणि तेल चोळायचे.

रक्ततपासणीत अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आली, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात. रोगापासून राखण करणारी शरीराची फौज आपल्याच सांध्यांवर चालून गेली होती. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट सुरू झालं. सांध्यांच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं नाही, आणि दातांच्या डॉक्टरांनी कधी हात पाहिले नाहीत.

ते पाहिले एका तरुण डेंटिस्ट मुलीने. फॉर्मवर सही करताना माझ्या हातातलं पेन निसटलं, तशी ती म्हणाली, "आंटीजी, हाथ कब से ऐसे हैं?" मग तिने बारीक सळईने हिरड्यांची खोली मोजली. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट तीन मिलिमीटरच्या आत असते. माझ्या दाढांपाशी ती सहा-सात होती. ज्याला इथे सगळे पायरिया म्हणतात, तोच हा.

तिने समजावलं ते असं. अशा खोल फटीत पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू राहतो. त्याचं एक विकर प्रथिनांतल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतं. बदललेली प्रथिनं शरीराला परकी वाटतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. अँटी-सीसीपी तपासणीत शोधतात ती याच जातीची, आणि सांधे दुखण्याच्या कित्येक वर्षं आधीही ती रक्तात सापडतात. २०२३ साली अमेरिकी संशोधकांना हिरड्यांचा आजार असलेल्या संधिवाताच्या रुग्णांच्या रक्तात तोंडातले जंतू पुन्हापुन्हा आढळले. तरीही हिरड्यांमुळेच संधिवात होतो असं सिद्ध झालेलं नाही. आनुवंशिकता आहे, आणि विडी-सिगारेटचा धूर तर दोन्ही आजारांना पोसतो.

हा सावधपणा मला मोलाचा वाटतो, कारण मी आजीला पाहिलंय. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी मॉन्ट्रियलमध्ये भाषण करून तोंडातल्या पुवाला अनेक आजारांचं मूळ ठरवलं, आणि पुढची काही दशकं जगभर सांधेदुखीसाठी चांगले दातही उपटले गेले. ती लाट आमच्या लष्कर भागापर्यंत पोचली होती. आजीचे सगळे दात गेले, बोटं वाकडीच राहिली. शेवटपर्यंत ती दूध-पोळी कुस्करून खायची.

माझे दात मात्र वाचले. भूल देऊन, एकेका बाजूची हिरडीखालची खोल सफाई झाली. रक्त थांबलं. पुढच्या काही महिन्यांत मनगटांची सूज उतरली. पण त्याच काळात गोळीचा डोसही वाढला होता, त्यामुळे श्रेय कुणाचं ते मला वाटून देता येणार नाही. दुखण्याचं उलट टोकही आहे: बोटं वळत नाहीत तेव्हा ब्रश धरवत नाही आणि हिरड्यांशी कीटण साचतं. यजमानांनी सायकलच्या मुठीचं रबर कापून माझ्या ब्रशला जाड दांडा करून दिला.

दर तीन महिन्यांनी हिरड्या तपासून घेते. तो कागद सांध्यांच्या डॉक्टरांकडे मीच नेते. पूर्वी ते परत करायचे, आता फाइलला लावून ठेवतात.