रंकाळ्याच्या काठी रंगांची शाळा

सहल म्हटली की आपल्या कष्टकरी कुटुंबांत दोनच प्रकार ठरलेले असतात. एक तर चैत्यभूमी, दीक्षाभूमीसारख्या श्रद्धास्थानांचे दर्शन, नाहीतर नात्यागोत्यातले लग्नकार्य. एखादी जागा नुसती डोळे भरून पाहावी, तिथे चार-पाच तास शांत बसावे, एवढ्याच कारणासाठी गाडीभाडे खर्चून कोणी बायकामुलांसह बाहेर पडत नाही. त्यात चूक कोणाचीच नाही. आठवड्यात सुट्टीचा दिवस एक, आणि त्या एका दिवशी धुणे, दळण, रेशन, आजारपण आणि मुलांचे अभ्यास असे सगळे वाट पाहत असतात. नुसते पाहत बसणे ही सवड असलेल्यांची चैन, असा आपला समज होऊन बसला आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वसाहतीने हा समज एका रविवारपुरता बाजूला ठेवला. कोल्हापुरातील काही कलाशिक्षकांनी रंकाळा तलावाच्या काठी एक दिवसाचे निसर्गचित्रणाचे शिबिर ठेवले होते. वयाची, शिक्षणाची, पूर्वतयारीची अट नव्हती. बक्षीस नव्हते आणि प्रवेश फीही नव्हती. त्याचे पत्रक आमच्या मिरजेच्या वसाहतीतील वाचनालयाच्या फळ्यावर लागले. प्रथम मुलांनी नावे दिली. मुलांना एकटे कसे पाठवायचे म्हणून आया तयार झाल्या. शेवटी नऊ मुले, पाच महिला आणि आम्ही तीन पुरुष असे सतरा जण निघालो.

मिरजेहून कोल्हापूर रेल्वेने जेमतेम पन्नास किलोमीटर. हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. गाडी कृष्णेचा पूल ओलांडून जयसिंगपूरला येते. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेली ही पेठ. डब्यात भडंगवाला चढला आणि मुलांचा अर्धा खाऊ तिथेच संपला. पुढे हातकणंगले, मग रुकडी. रुकडीजवळच ते माणगाव आहे, जिथे मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि स्वतः शाहू महाराज तिला आले. खिडकीतून काही माणगाव दिसत नाही, दिसतात ते उसाचे फड आणि गुऱ्हाळाचा धूर. तरीही आमच्याबरोबरच्या एका आजींनी त्या दिशेला हात जोडले. मुलांनी विचारले, "आजी, तिकडे काय आहे?" मग पंचगंगेचा पूल येईपर्यंत आजींनी त्यांना सगळी हकीकत सांगितली. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारा इतिहास चालत्या गाडीत असा ऐकायला मिळाला, हा सहलीचा पहिला लाभ.

कोल्हापूर स्थानकावरून केएमटीच्या बसने रंकाळा गाठला. शहराच्या पश्चिमेला पसरलेला हा विस्तीर्ण तलाव. पूर्वी येथे दगडाची खाण होती, असे जुने लोक सांगतात. पलीकडे काठावर झाडीत उभा असलेला शालिनी पॅलेस, पाण्यात उतरलेला दगडी संध्यामठ, फिरायला येणाऱ्यांसाठी बांधलेला पदपथ आणि दूरवर निळसर डोंगर. काही वर्षांपूर्वी सांडपाणी आणि जलपर्णी यांमुळे या तलावाची दुर्दशा झाली होती, आणि सांडपाण्याचा प्रश्न निघाला की आजही कोल्हापूरकर हळहळतात. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. पाण्यावर पातळ धुके होते आणि बदकांची एक रांग त्यातून निघाली होती.

शिबिराची सुरुवात भाषणाने झाली नाही, याचे आम्हांला नवल वाटले. सभा-समारंभात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना हार, स्वागत, प्रास्ताविक हे ठरलेलेच वाटते. येथे एका सरांनी प्रत्येकाला कागद दिला, मागे शिक्का मारला, आणि आबालाल रहिमान यांची गोष्ट सांगितली.

आबालाल हे कोल्हापूरचेच. कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्या घरातला हा मुलगा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, तिथे त्याने नाव कमावले. पुढे ते कोल्हापूरला परतले आणि शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. मुंबईत राहून श्रीमंतांची व्यक्तिचित्रे करून पैसा मिळवता आला असता. ते मात्र कोटितीर्थाच्या परिसरात साधेपणाने राहिले आणि तलाव, घाट, झाडे, वाटा रंगवत राहिले. मिळेल त्या कागदाच्या तुकड्यावर रंगवत. १९२२ साली शाहू महाराज गेले, तेव्हा त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली ते वारले. राजवाड्याच्या चित्रांपेक्षा पाणी आणि झाडे रंगवणारा हा माणूस आज कोल्हापूरच्या चित्रकारांना गुरुस्थानी आहे. सर म्हणाले, "ते ज्या गावात बसून रंगवत होते, त्याच गावात आज तुम्ही बसला आहात. आता हातात पेन्सिल घ्या."

नंतर एका बाईंनी सर्वांसमोर चित्र करून दाखवले. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. जमा आणि नावे यांपलीकडे दोन रकाने आम्हांला ठाऊक नाहीत. पण त्या बाईंनी जे सांगितले ते हिशेबाइतकेच चोख होते, म्हणून येथे देत आहोत.

पुठ्ठ्याला मध्यभागी चौकोनी खिडकी कापायची आणि तिच्यातून समोर पाहायचे. सगळा तलाव कागदावर मावत नाही, तेव्हा काय घ्यायचे आणि काय सोडायचे ते त्या खिडकीतून ठरते. जलरंगात फिक्याकडून गडदाकडे जायचे. एकदा गडद झालेले पुन्हा पांढरे होत नाही. उजेड हवा तिथे कागद कोरा राखायचा, कारण या चित्रात पांढरा रंग म्हणजे कागदच. आधी आकाश, मग दूरचे डोंगर, मग झाडी, शेवटी जवळचे दगड. दूरचे डोंगर हिरवे असले तरी ते निळसर आणि फिके काढायचे, कारण आपल्या आणि त्यांच्या मध्ये हवा असते. सावलीसाठी काळा रंग वापरायचा नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना हा तांबूस तपकिरी मिसळला की जिवंत करडा रंग तयार होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, सूर्य थांबत नाही. सकाळी पडलेली सावली दोन तासांनी दुसरीकडे गेलेली असते. म्हणून सुरुवातीलाच सावल्यांच्या जागा पेन्सिलीने नक्की करायच्या आणि मग त्या बदलायच्या नाहीत.

हे ऐकून सर्वजण पांगले. रंग कालवायला पाणी हवे होते. मुले पायऱ्या उतरून डबे भरून घेऊन आली. त्या आजी काठावर बसून ते पाहत होत्या. आम्ही त्यांच्या शेजारी होतो. त्या एवढेच म्हणाल्या, "माझ्या आईला गावच्या तळ्याला असा डबा लावता आला नव्हता." १९१९ साली शाहू महाराजांनी संस्थानातील पाणवठे सर्वांना खुले करण्याचे हुकूम काढले आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा कुठे आज आमची मुले तळ्याच्या पाण्यात रंग कालवत आहेत. हे मुलांना सांगायला हवे होते. पण त्या वेळी ती आकाश रंगवण्यात गढून गेली होती. आजींनीच हाताने खुणावले की आत्ता नको, राहू दे.

आमच्याबरोबर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते. गँगमन म्हणून सारी हयात रुळांवर गेलेली. ते म्हणाले, "मला काय येतंय? मी आपला पोरांचे डबे सांभाळतो." बाईंनी त्यांच्या हाती पेन्सिल दिलीच. काकांनी ना पॅलेस घेतला ना संध्यामठ. समोरची दगडी पायरी घेतली. चार दगड आणि त्यांच्या मधल्या सांधी. दगड कसा बसतो, कुठे टेकतो, कुठे ढिला होतो हे त्या माणसाने इतकी वर्षे पाहिलेले. त्यांच्या चित्रात रंग ओघळले होते, पण पायरी अशी भक्कम उतरली की तिच्यावर पाय ठेवावा. सर बराच वेळ त्या चित्रासमोर उभे राहिले. पाहण्याचे शिक्षण कलाशाळेतच मिळते असे नाही, कामावरही मिळते, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

बहुतेक मुलांनी शालिनी पॅलेस निवडला होता. नववीत शिकणाऱ्या आमच्या वसाहतीतल्या एका मुलीने मात्र पदपथ घेतला, आणि पदपथावर झाडलोट करणारी एक बाई. त्या सफाई कामगार ताई सकाळपासून तिथे काम करीत होत्या. चित्र आकाराला आले तशी मागे बघ्यांची गर्दी जमली. फिरायला आलेले एक गृहस्थ प्रेमानेच म्हणाले, "बाळ, चित्र सुरेख आहे. तेवढी झाडूवाली नको होती. त्याऐवजी एखादी नाव दाखव." मुलगी गप्प राहिली. तिची आई नगरपालिकेत तेच काम करते, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्ही काही बोलणार, तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "काका, नाव समोर नाही. त्या आहेत." आणि तिने खाली मान घालून साडीचा रंग भरायला घेतला.

थोड्या वेळाने त्या ताई झाडत झाडत जवळ आल्या. चित्राकडे पाहून त्यांनी विचारले, "ही मी?" मग पदराने तोंड पुसून हसल्या आणि म्हणाल्या, "झाडू लई लहान काढलास गं. लांब दांड्याचा असतोय." मुलीने दांडा वाढवला. दिवसभरात तिला मिळालेली ही सर्वांत उपयोगी सूचना होती, असे नंतर बाईंनी सर्वांसमोर सांगितले.

दुपारी झाडाखाली भाकरी, झुणका आणि ठेचा झाला. त्यानंतर दोन झाडांना दोरी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून सर्व चित्रे टांगली. पहिला-दुसरा क्रमांक काढला नाही. प्रत्येकाने आपल्या चित्रापुढे उभे राहून काय पाहिले ते सांगायचे, एवढेच. ज्या महिला घरच्या बैठकीतही बोलत नाहीत, त्या चार-चार वाक्ये बोलल्या.

आता त्या मुलीविषयी. तिला पुढे चित्रकलाच शिकायची आहे. तिचे वडील आमच्याबरोबर आले होते. ते औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला आहेत. परतीच्या वाटेवर ते आम्हांला म्हणाले, "साहेब, कौतुक ठीक आहे. पण चित्र काढून चूल पेटते का?" या प्रश्नाला हसण्यावारी नेणे आम्हांला जमले नाही. कंत्राट कधी संपेल याचा भरवसा नसलेल्या बापाचा तो प्रश्न आहे. आम्ही जे माहीत होते ते सांगितले. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा शाळेतूनच देता येतात आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन ललित कलेची पदवी घेता येते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, उत्पन्नाच्या मर्यादेत बसल्यास, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कलाशिक्षक, छपाई, जाहिरात, कापडावरील नक्षी अशी कामे त्यातून मिळू शकतात. मिळतीलच, असे मात्र आम्ही म्हणालो नाही.

त्यांनी ऐकून घेतले. होकार दिला नाही. इंटरमिजिएटचा अर्ज भरू, पुढचे पुढे पाहू, एवढेच म्हणाले. गाडीला गर्दी होती. मिरज येईपर्यंत त्यांनी ते चित्र पंचात गुंडाळून डोक्याच्या वर धरले होते, कोणाचा धक्का लागू नये म्हणून.

वाचक बंधू-भगिनींनो, हे सर्व लिहिण्याचा हेतू कौतुक करून घेण्याचा नाही. असा दिवस कोणत्याही वसाहतीला सहज साजरा करता येईल. तळे नसेल तर ओढा चालेल, ओढा नसेल तर गल्लीच्या तोंडाचा पिंपळ चालेल. जाड कागद, पुठ्ठा, दोन चिमटे, एक गोल ब्रश आणि विद्यार्थ्यांसाठीची रंगपेटी एवढे साहित्य तिघांत एक पुरते. जवळच्या शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांना मानाने बोलवा, बहुतेक जण आनंदाने येतात. मोठ्यांनीही हाती ब्रश घ्यावा, नुसती राखण करू नये. आणि मुलांना एकच सांगावे, की समोर जे आहे ते नीट पाहा, आणि त्यात काम करणारे माणूस असेल तर ते गाळू नका.

आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर सध्या सतरा चित्रे लागली आहेत. रविवारी सकाळी दहा ते बारा वाचनालय उघडे असते. जरूर यावे.