डबीचा जन्मकाळ

जुन्या पोथीचा काळ ठरवावयाचा तर कागद, शाई, लेखनिकाचे नाव यांतले काहीतरी हाताशी असते. प्लॅस्टिकच्या डबीवर यांपैकी बहुधा काहीच नसते. आमच्या घरी मिठाची एक फिकट निळी डबी आहे. १९४२ च्या लग्नात आजोबांनी ती आजीला दिली, असे आत्या सांगते. आजोबा १९४५ साली गेले. त्यांची म्हणून घरात एवढीच वस्तू.

ग्रंथालयात काही उमगेना, तेव्हा मी मानखुर्दच्या मंडाळ्यात भंगारवाल्यांकडे गेलो. तेथील परीक्षा कोणत्याही विद्यापीठाला शोभाव्यात! टिचकी मारताच खणकन वाजले तर पॉलिस्टायरिन. बॅकेलाइट पाण्यात बुडते. शिवाय ते पुन्हा वितळत नाही, म्हणून त्याला तेथे मोल नाही. आमची डबी तरंगली, तिच्यावर नखाचा ओरखडाही उमटला. "एलडी आहे, सर," कारागीर म्हणाला. एलडी म्हणजे मऊ पॉलिथीन.

पॉलिथीन इंग्लंडात १९३३ साली सापडले आणि त्याचे कारखानी उत्पादन १९३९ साली सुरू झाले. महायुद्धात ते रडारच्या तारांच्या वेष्टनासाठी राखून ठेवले जाई. अमेरिकेतील टपरचे प्रसिद्ध डबेसुद्धा १९४६ चे. तेव्हा १९४२ च्या लग्नात ही डबी असणे असंभवनीयच.

म्हणजे ती आजीने पुढे स्वतःच घेतली असावी. शिवणकाम करून तिने चार मुले वाढविली. त्या पैशांतून हौसेची एक निळी डबी तिने आणली, ही कल्पना मला तरी अधिक मोलाची वाटते. आत्याला तशी वाटेल काय? ती ऐंशीच्या पुढे आहे. सांगण्याचे मी दिवाळीपर्यंत लांबणीवर टाकले आहे.