पांघरुणाचे पुस्तक

मार्गशीर्ष सरत आला की धरमपुरीत पहाटे नर्मदेवरून गार वारा सुटतो आणि घरोघरी ट्रंका उघडल्या जातात. आमच्या निमाडातली थंडी ती केवढी! महिना-दीड महिना पाहुणीसारखी राहते आणि निरोप न घेता निघून जाते. पण त्या पाहुणीच्या सरबराईसाठी आमच्या आईने जन्मभर लोकर विणली. यंदा आम्ही तिची ट्रंक उघडली, ती मात्र थंडीसाठी नव्हे. वसईहून भाचीचा फोन आला होता. "बाळाच्या बाप्तिस्म्याला आजीने विणलेले ते पांढरे पांघरूण हवे," असा तिचा हट्ट. फेब्रुवारीत बाळ यायचे होते आणि ईस्टरनंतरच्या रविवारी बाप्तिस्मा.

ते पांघरूण आजीने पुरे केले नव्हते, हे भाचीला ठाऊक नव्हते. तिच्या आठवणीतले पांघरूण म्हणजे आजीच्या मांडीवर वाढत चाललेले पांढरे चौकोन. ट्रंकेत जुन्या पातळात गुंडाळलेले ४१ चौकोन निघाले. पाच इंची, क्रोशाचे. सात आडवे आणि नऊ उभे असे ६३ चौकोन जोडायचा तिचा बेत होता, हे आम्हांस तिच्या तोंडून अनेकदा ऐकून माहीत होते. सोबत ५० ग्रॅमचे पाच गुंडे आणि तिची सुई होती. पुस्तक मात्र नव्हते. ज्या पुस्तकातून तिने हा नमुना घेतला, ते तिने कोणास दिले की वाळवीने खाल्ले, देव जाणे.

शेजारच्या काकींना आम्ही ही अडचण सांगितली, तेव्हा त्या मोकळेपणाने हसल्या. पांघरुणाला पुस्तक कशाला लागते, हेच त्यांना कळेना. त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. दोन जुनी लुगडी आणि चार धोतरे एकावर एक घालून धावदोरा मारला की गोधडी होते. गोधडीची चूक गोधडीतच जिरते. लोकरीच्या विणीचे तसे नाही. तेथे पहिल्या फेरीत चुकलेला टाका शेवटच्या फेरीपर्यंत चुगली करीत राहतो.

म्हणून एका शनिवारी वहिनी आणि आम्ही धामनोदवरून बस पकडून, मानपूरचा घाट चढून इंदूरला गेलो. निघण्यापूर्वी एक शहाणपणाची गोष्ट केली. आईचा एक चौकोन सोनाराच्या काट्यावर तोलून घेतला. तो साडेनऊ ग्रॅम भरला. उरलेल्या २२ चौकोनांना २०९ ग्रॅम लोकर हवी आणि जवळ होती २५०. जोडणी आणि किनार काढल्यावर चुकण्यासाठी काही उरत नव्हते. नवी लोकर आणावी म्हटले तर रंग जुळणार नाही. एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा एक लॉट असतो आणि लॉट बदलला की पांढऱ्यातही दोन पांढरे दिसू लागतात. तेव्हा पुस्तक निवडायचे ते नेमके निवडायचे होते.

पुस्तकाच्या बाबतीत आम्ही पूर्वी एकदा फसलो होतो, तेही येथे सांगून टाकतो. मागल्या वर्षी चित्रांवर भाळून आम्ही एक जाडजूड अमेरिकन पुस्तक घेतले. त्यात एक पांघरूण होते, कमळाच्या पाकळ्यांसारखे उमललेले. सारे सूचनेबरहुकूम विणले आणि झाले काय, तर पायपुसणे! जाड, ताठ, आणि लांबीला सांगितल्याच्या निम्म्याहूनही कमी. महिन्याभराची संध्याकाळ आणि सातशे ग्रॅम लोकर वाया गेली. दोष पुस्तकाचा नव्हता. आईला क्रोशे शिकवले ते वसईच्या शाळेतल्या एका सिस्टरने, आणि सिस्टरची परिभाषा होती इंग्लंडची. आईने तीच आम्हांस दिली. इंग्लंडात ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात तो आपला मुका खांब, आणि 'ट्रेबल' म्हणजे आपला खांब. अमेरिकेत मुक्या खांबाला 'सिंगल' म्हणतात आणि खांबाला 'डबल'. शब्द एकच, टाके दोन! खांब उंचीला तीन साखळ्यांएवढा, मुका खांब एका साखळीएवढा. आम्ही जेथे खांब घालायचे तेथे मुके खांब घालीत गेलो, मग पाकळ्या उमलणार कोठून?

यावरून एक खूण आम्ही कायमची मनाशी बांधली आहे. पुस्तकात 'सिंगल क्रोशे' हे शब्द कोठेही दिसले की ते अमेरिकन परिभाषेत आहे असे समजावे, कारण इंग्लंडच्या आजच्या पुस्तकांत तो शब्द येतच नाही. सुयांचीही तीच कथा. आपल्याकडे विणकामाच्या सुयांवर इंग्लंडच्या जुन्या पद्धतीचे क्रमांक चालत आले. त्यात आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. आठ क्रमांकाची सुई चार मिलिमीटरची, दहाची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेत उलटा न्याय, तेथे आठ क्रमांकाची सुई पाच मिलिमीटर जाडीची. म्हणून ज्या पुस्तकात सुईची जाडी मिलिमीटरमध्ये दिली नाही, ते कितीही देखणे असो, परत फळीवर ठेवावे.

इंदुरात राजवाड्याजवळच्या बाजारात आम्ही दुपारभर पुस्तके चाळली. एका दुकानदाराने तर "घ्यायचे आहे की वाचायचे आहे?" असे स्पष्टच विचारले. आम्ही दोन्ही म्हणालो.

अशा पुस्तकांचे मुळात दोन वंश आहेत. एकात वस्तू असतात: हे पांघरूण, ही शाल, हे टोपडे, आणि प्रत्येकाची ओळीगणिक कृती. दुसऱ्यात केवळ विणी असतात. त्यांचे काय करायचे ते तुम्ही ठरवा. बार्बरा वॉकर या अमेरिकन बाईंचा १९६८ साली निघालेला विणींचा संग्रह या दुसऱ्या वंशातला, आणि सुयांवर विणणाऱ्यांत तो आजही प्रमाण मानला जातो. नवशिक्याला पहिला प्रकार सोयीचा, हे खरे. पण पांघरूण ही मोठी विलक्षण वस्तू आहे. तिला गळा नाही, बाही नाही, खांदा नाही. ती नुसती लांबी आणि रुंदी. म्हणून पांघरुणासाठी विणींचा कोशच अधिक कामाचा, असे आमचे मत झाले आहे. मात्र त्यात प्रत्येक विणीला लागणाऱ्या टाक्यांची पट दिलेली हवी. समजा, वीण सहाच्या पटीत अधिक तीन टाक्यांची आहे आणि दहा सेंटिमीटरांत २२ टाके बसतात. पाऊण मीटर रुंदीला १६५ टाके लागतील. सहा सत्तावीस १६२ आणि वर तीन, म्हणजे हिशेब चोख बसला. बाळाचे पांघरूण आजोबांना पुरवायचे तर आणखी सहा-सहा टाके वाढवीत जावे. पट न देणारे पुस्तक तुम्हांला एकच पांघरूण विकते.

त्यातही ताणाची गोष्ट आहे. कोणाचा हात सैल, कोणाचा आवळ. तेच १६५ टाके, पण आपल्या हाताने दहा सेंटिमीटरांत २० च बसत असतील तर पांघरूण साडेसात सेंटिमीटर रुंद होते आणि लोकर शेवटच्या वितीला संपते. जे पुस्तक ताण सांगत नाही, ते मोजमाप न सांगता कापड फाडणाऱ्या शिंप्यासारखे.

चित्रांविषयी बोलायचे तर, पांघरूण खुर्चीवर दुमडून टाकलेले आणि शेजारी फुलदाणी, असे चित्र असले की आम्हांस शंका येते. किनार कोठे आहे? उलटी बाजू कशी दिसते? चौकोन जोडले कसे, सुईने शिवून की क्रोशाने? पुष्कळ पुस्तके चौकोनापाशी येऊन थांबतात आणि "मग सर्व जोडावेत" एवढ्यावर वाचकाची बोळवण करतात. आईचे काम अडले होते ते चौकोनांत, पण जोडणीत रडणाऱ्या बाया आम्ही अधिक पाहिल्या आहेत.

जपानी पुस्तकांची मात्र आम्हांस मोठी गंमत वाटली. भाषा ओ की ठो कळत नाही आणि तरी नमुना कळतो. साखळीला लांबट गोल, खांबाला आडवी रेघ मारलेला टी, अशा चिन्हांनी सारा चौकोन मधल्या बिंदूपासून फुलासारखा काढलेला असतो. तेथे सिंगल-डबलचे भांडणच नाही.

हा नमुने छापण्याचा उद्योग तसा फार जुना नव्हे. १८४० च्या दशकात रिएगो दे ला ब्रांशार्दिएर नावाच्या बाईंनी लंडनमध्ये क्रोशाची पुस्तके काढली. त्याच दशकात, १८४५ पासून, आयर्लंडात बटाट्याचे पीक सडून भीषण दुष्काळ पडला, आणि तेथल्या धर्मभगिनींनी मुलीबायकांना क्रोशाची लेस शिकवली. त्या लेसवर घरे जगली. पुढे मिशनरींबरोबर ही कला आंध्रातल्या नरसापूरला आली. तेथे तिचा मोठा धंदा झाला. परंतु घरात बसून विणणाऱ्या बायकांच्या हाती पैसा किती थोडा पडतो, हे मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली पुस्तक लिहून दाखवले. वसईच्या त्या सिस्टरच्या हाती ही सुई कोणत्या वाटेने आली, असा विचार बसमध्ये आमच्या मनात येत होता. असो.

शेवटी आम्ही घेतले ते पुस्तक दिसायला अगदी साधे. चित्रे थोडी. पण इंग्लंडची आणि अमेरिकेची परिभाषा समोरासमोर दिलेली, सुया मिलिमीटरमध्ये, लोकर ग्रॅममध्ये आणि मीटरमध्येही, प्रत्येक नमुना शब्दांत आणि चिन्हांत, जोडणीला चार पाने. सुती दोऱ्याच्या पांघरुणांचा एक भाग होता, त्याने आमचे मन अधिकच जिंकले. वैशाखात चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या आमच्या कापसाच्या मुलखाला लोकरीची पांघरुणे किती दिवस? सुती क्रोशे येथे वर्षभर चालते. बाळासाठी काही सूचनाही नेमक्या होत्या: भोके मोठी नकोत, बोटे अडकतात, धाग्यांची टोके आत पक्की दडवावीत. आजचे डॉक्टर तर सांगतात की पहिले वर्षभर झोपलेल्या बाळाच्या अंथरुणात सैल पांघरूण ठेवूच नये. तेव्हा भाचीचे पांघरूण मांडीवरचे आणि बाप्तिस्म्याच्या दिवसाचे, असे तिला आधीच बजावले आहे.

आणि आईचा नमुना? तो त्या पुस्तकातही नव्हता. जवळचा होता, पण तोच नव्हे. दोन रात्री आम्ही भिंगातून चौकोन पाहिला. खांब मोजता येत, पण सुई टाक्याच्या कोणत्या धाग्यातून गेली ते कळेना. एकच उपाय उरला होता, आणि तो बोलून दाखवायला वहिनीही धजत नव्हत्या. एक चौकोन उसवायचा.

आईच्या हाताची गाठ सोडणे सोपे नव्हते. ४१ पैकी कोणता, यावरच एक संध्याकाळ गेली. अखेर चहाचा बारीक डाग पडलेला एक बाजूला काढला. आम्ही उसवीत गेलो आणि वहिनी पुस्तकातल्या चिन्हांनी वहीत उतरवीत गेल्या. क्रोशे बाहेरून आत उसवते, म्हणून शेवटची फेरी आधी लिहायची आणि पहिली शेवटी. गूढ उकलले. शेवटच्या दोन फेऱ्या तिने टाक्याच्या केवळ मागच्या धाग्यातून घातल्या होत्या, म्हणून ती उठावदार रेघ येत होती. कोपऱ्याला तीन साखळ्यांऐवजी दोनच. हे तिचे स्वतःचे असावे, कारण चाळलेल्या एकाही पुस्तकात ते नव्हते.

मधल्या फेरीशी आलो तेव्हा खांब भरले १५. चौकोनाला चार बाजू, तर १६ हवेत. पुन्हा लोकर तपासली, तरी १५ च. मग इतर ४० चौकोनांचे मध्य एकेक करून मोजले. सगळीकडे १६. या एकाच ठिकाणी आई चुकली होती, आणि पुढच्या फेरीत एका खांबात दोनदा सुई घालून तिने तो हिशेब गुपचूप मिटवला होता. आयुष्यभर आमचा एकेक उलटा टाका पकडणारी आई! वहिनींना हसू आवरेना आणि आम्हांस काय झाले ते सांगता येत नाही.

वहीत १६ च लिहिले. उसवलेली लोकर कोमट पाण्यातून काढून, सावलीत वाळवून पुन्हा गुंडाळली आणि तिचा चौकोन विणला, तो मात्र १५ खांबांचा, ती चूक तिच्याच रीतीने मिटवून. चहाचा डाग धुण्यात जवळजवळ गेला आहे.

भाचीला मुलगी झाली. आज सकाळपर्यंत ५७ चौकोन झाले आहेत, सहा राहिले. नंतर जोडणीची चार पाने उघडायची आहेत. शेवटचा गुंडा लिंबाएवढा उरला आहे, आणि किनारीपुरता तो पुरेल असे सोनाराच्या काट्याचे म्हणणे आहे.