पाठीला पाठ

कोल्हापूरला आलेला माणूस आधी अंबाबाईला जातो, मग रंकाळ्यावर, मग तांबडा-पांढरा ओरपून पन्हाळ्याचा रस्ता धरतो. त्यात वाईट काही नाही. मीही ते केलेलं आहे. या खेपेला मात्र देऊळ, राजवाडा आणि जेवण बाजूला ठेवून गाव बघायचं ठरवलं. इथली माणसं संध्याकाळी कुठं जमतात, नाटक कुठं लागतं, पेपर कुठं वाचतात, खेड्यातून शिकायला आलेलं पोर कुठं उतरतं, हे बघायचं होतं.

ते शेवटचं आधी कळलं, कारण स्टेशनवरून चालत निघालं की दसरा चौक लागतो. चौकात शाहू महाराजांचा पुतळा आणि भोवती बोर्डिंगं. दसऱ्याला इथंच सोनं लुटतात. बाकी वर्षभर हा चौक म्हणजे रिक्षा, मोर्चे आणि विद्यार्थी. महाराजांनी आधी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिलं. तिथं शेवटी ब्राह्मणांचीच मुलं उरली. तेव्हा त्यांनी वेगळा डाव टाकला. 1901 मध्ये मराठा आणि जैन, 1906 मध्ये मुस्लिम, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकेक वसतिगृहं उभी राहिली. जागा आणि पैसा दरबारचा, पण कारभार त्या त्या समाजाने बघायचा. राजाने नुसती इमारत बांधून दिली असती तर राजाबरोबर तीही गेली असती. इथली कित्येक बोर्डिंगं शंभरी ओलांडून चालू आहेत.

जातवार वसतिगृहं काढून जात घट्ट नाही का झाली? हा प्रश्न कोल्हापुरात विचारला की माणसं दोन गटांत वाटली जातात. मला त्याचं उत्तर भाऊराव पाटलांत दिसतं. ते इथल्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले, तिथल्या शिस्तीशी त्यांचं जमलं नाही, आणि पुढं साताऱ्यात 1924 मध्ये त्यांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवणारं वसतिगृह काढलं. नाव दिलं शाहू महाराजांचंच.

चौकातून पुढं सीपीआर हॉस्पिटलसमोर टाउन हॉलची बाग. आतली इमारत 1870 च्या दशकातली, मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराची, टोकदार कमानींची. आत वस्तुसंग्रहालय आहे. शाळेच्या सहली तोफांपाशी रेंगाळतात. मी मात्र पोसायडनपाशी थांबलो. लहानसा हा ब्राँझचा ग्रीक समुद्रदेव पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडला. जिथून समुद्र दिसायचं नाव नाही, तिथं समुद्राचा देव. सातवाहनांच्या काळात इथला व्यापार रोमपर्यंत पोचलेला होता, त्याची ही खूण. पुढं अठराशे वर्षांनी इथला राजा उलट दिशेने रोमला गेला आणि येताना एक कल्पना घेऊन आला. तिचं नाव खासबाग.

1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज विलायतेला गेले होते. नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांना राखून ठेवण्याचा 26 जुलैचा तो प्रसिद्ध हुकूम निघाला तेव्हा ते परदेशातच होते. त्याच दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. दुसऱ्या एखाद्याने त्याचे फोटो आणले असते. हा राजा स्वतः मल्ल. त्याच्या मनात आलं असणार की इथं कुस्ती काय रंगेल! 1912 मध्ये खासबाग मैदान तयार झालं. मधे तांबड्या मातीचा हौदा आणि त्याच्याभोवती उतरत येणारी गोल बैठक, म्हणजे पुढच्याचा फेटा मागच्याच्या आड येत नाही. तीस हजारांवर माणूस मावतं म्हणतात. मी गेलो त्या सकाळी मैदान रिकामं होतं. एक म्हातारे वस्ताद पायऱ्यांवर उन्हाला बसले होते. “कुठनं आलासा?” त्यांनी विचारलं. मुंबईहून म्हटल्यावर, “मग हलगी घुमताना या की. असं मोकळं बघून काय कळतंय?” खरंच होतं. हौद्यातली माती मोकळी पडलेली बघून तिच्यात घातलेलं तेल, ताक, हळद, लिंबू कळत नाही.

पण मला बघायची होती ती पलीकडची बाजू. मैदानाच्या अगदी पाठीला पाठ लावून महाराजांनी नाट्यगृह बांधायला घेतलं. 1913 ला काम सुरू झालं, 1915 ला पुरं झालं. नाव पॅलेस थिएटर. एका अंगाला जोड सुटते आहे आणि दुसऱ्या अंगाला नांदी चालू आहे, ही रचना दुसऱ्या कुठल्या गावाला सुचली असती असं वाटत नाही. कलेचा आणि तालमीचा वर्ग निराळा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. या राजाच्या डोक्यात ते नव्हतं. दरबारात अल्लादियाखाँ गात होते आणि मल्लांचा खुराकही दरबारातूनच जात होता. रंगमंचाखाली आवाज घुमावा म्हणून विहीर ठेवलेली होती, असं जुने नाटकवाले सांगतात. 1957 मध्ये या थिएटरला गायक नट केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. केशवराव इथलेच, 9 ऑगस्ट 1890 चा जन्म. 1908 मध्ये हुबळीला त्यांनी ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली. जुलै 1921 मध्ये मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ गाजवलं आणि त्याच ऑक्टोबरात, एकतिसाव्या वर्षी, ते गेले.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह जळालं. छप्पर गेलं, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. उरल्या त्या दगडी भिंती. मैदानाकडचा मंचही त्यात गेला. पाठीला पाठ असल्यावर आगीला कुठली बाजू कुणाची हे कसं कळणार? त्या रात्री रस्त्यावर नटांच्या बरोबरीने कधी तिकीट काढून नाटक न पाहिलेली माणसंही रडत होती, हे मला एका रिक्षावाल्याने सांगितलं. तो स्वतः त्यांतलाच. नाट्यगृह पूर्वी होतं तसंच उभारायचं ठरलं आहे. तोवर नाटकवाल्यांना शाहू स्मारक भवन, देवल क्लब अशा लहान सभागृहांत भागवावं लागतं. गायन समाज देवल क्लब 1883 पासूनचा, गाण्याच्या बैठकीला उत्तमच. पण तीन अंकी नेपथ्याचा ट्रक तिथं कुठं रिकामा करणार?

करवीर नगर वाचन मंदिरही पाहिलं. स्थापना 1850 ची, म्हणजे मुंबईत विद्यापीठ निघण्याच्या सात वर्षं आधीची. पेपर वाचत बसलेल्यांत पिकले केस जास्त, आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांवर वाकलेली पोरं. सगळ्याच गावांच्या ग्रंथालयांचं हल्ली हे असंच आहे, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही.

लिहायचं ते तालमींवर. पेठेपेठेला तालीम आहे आणि ती नुसती जोर-बैठकांची जागा नाही. तिचा गणपती असतो, तिची मतं असतात आणि तिचा फुटबॉल संघ असतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. ही नावं ऐकून बाहेरच्याला आखाडा आठवेल. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्याला गोल आठवतात. महाराष्ट्रात फुटबॉलचं असं वेड दुसऱ्या जिल्ह्याच्या गावात मी पाहिलेलं नाही. सामना सुटल्यावर पेठांत भांडणंही होतात आणि पोलिसांना धावपळ करावी लागते. ते वेडाच्याच खात्यावर मांडायचं.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या. समोर धार काढायची आणि फेसाळता पेला तसाच तोंडाला लावायचा. मूळ पैलवानांची सोय. आता बँकेतून सुटलेले, दुकान बंद केलेले सगळेच येतात. पेल्याबरोबर आदल्या दिवशीच्या सामन्याची चिरफाड फुकट. हे सगळं मनापासून आवडलं, पण एक गोष्ट खटकत राहिली. तालमीत, स्टेडियमच्या पायऱ्यांवर, या कट्ट्यावर बायका दिसल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. रंकाळ्याच्या काठावर त्या भरपूर असतात, देवळात असतात, नाटकाला तर निम्म्या खुर्च्या त्यांच्याच असायच्या. म्हणजे नाट्यगृह जळालं तेव्हा गावातल्या बायकांची हक्काने तीन तास बसायची एक जागा गेली. मी हे कट्ट्यावर बोलून दाखवलं. एक जण म्हणाला, “आमच्या घरातबी हेच ऐकतोय आम्ही.” मग काम कधी पुरं होणार आणि बाल्कनी पूर्वीसारखीच ठेवणार की कसं, यावर दोघांत जी जुंपली, ती दुसरा पेला संपेपर्यंत मिटली नव्हती.