नव्वाणू यात्रेला निघताना



चातुर्मास संपत आला. कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होईल. आपल्यातल्या काही जणी विचारतात, “डोंगर कधी चढलो नाही, नव्वाणू जमेल का?” म्हणून लिहिते.

आपलं बोदवड सपाट. मी आणि माझ्या मोठ्या नणंदबाई, आम्ही त्यांना बाईसा म्हणतो, निघण्याआधी दोन महिने गच्चीचा जिनाच चढ-उतर करत होतो. मी तेव्हा 62 वर्षांची, त्या 68.

पालीताण्याला सुमारे 3,500 पायऱ्या. आदिनाथ दादा या गिरीवर नव्वाणू पूर्व वेळा आले ही आपली श्रद्धा, म्हणून 99 यात्रा. रोज दोन केल्या तरी पन्नास दिवस. पहाटे जय तळेटीला चैत्यवंदन करून चढायचं, दादांचं दर्शन घ्यायचं, मागच्या बाजूने घेटीपागेला उतरायचं आणि तिथून पुन्हा वर. ही दुसरी यात्रा. डोंगरावर काही खायचं नाही, संध्याकाळच्या आत खाली यायचं. मुक्कामी एकासणं, जमिनीवर संथारा, दोन्ही वेळचं प्रतिक्रमण.

संघातल्या अनुभवी श्राविकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “चढताना दम जातो, उतरताना गुडघे. काठी उतरतानाही हातात ठेवा. चढताना बोलू नका.” काही तरुण मुलींनी उत्साहात दिवसाला तीन-तीन यात्रा केल्या आणि मग पाय धरून बसल्या.

मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे वही आलीच. दोन रकाने, एक माझा, एक बाईसांचा. 41वी यात्रा झाली आणि बाईसांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी चढायला मनाई केली. कोणीतरी डोली सुचवली. बाईसा म्हणाल्या, “दर्शनासाठी एकदा डोलीत बसेन. आकडा पुरा करायला दुसऱ्याच्या खांद्यावर नको.”

मी म्हटलं, “मग मीही थांबते.” त्या रागावल्या. “वहिनी, माझ्यासाठी थांबलात तर तुमच्या अपुऱ्या यात्रेचं ओझं मला जन्मभर. तुम्ही चढा.”

चढले. पण मन तळेटीलाच. बाईसा रोज अंधारात माझ्यासोबत तळेटीपर्यंत यायच्या, चैत्यवंदन करायच्या, मग नवकारवाळी घेऊन बसायच्या. मी उतरले की पहिला प्रश्न, “आज आंगी कशी होती? फुलं कोणती?” त्यांना सांगायचं म्हणून मी दादांकडे नीट पाहू लागले. रायणवृक्षाखालची पगलं, पुंडरीक स्वामींचा गाभारा, सगळं डोळ्यांत साठवून खाली आणायचं. पायऱ्या मोजणं कधी सुटलं, कळलंच नाही.

वहीत शेवटी माझ्या रकान्यात 99, त्यांच्या 41. बाईसांनी पुढच्या वर्षी जायचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घरातल्या घरात चालतात.

तर मैत्रिणींनो, जरूर जा. गुडघे आधी डॉक्टरांना दाखवा, दोन महिने जिना चढा. आणि निघण्याआधीच सोबतिणीशी बोलून ठेवा की एक थांबली तर दुसरीने काय करायचं. तळेटीला उभं राहून हे ठरवणं फार जड जातं.

जय जिनेंद्र.