संध्याकाळी घरी येईल ना?

वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की तुम्ही सगळ्यात आधी कुणाकडे बघता? आमच्या शाळेत माना वळतात खिडकीजवळच्या बाकाकडे. तिथं पारधी बेड्यावरची दोन मुलं बसतात. बेडा म्हणजे त्यांची वस्ती. पेन्सिल बहुतेक वेळा दप्तराच्या तळाशीच सापडते. पण पुढच्या वेळी माना पुन्हा तिकडेच! (तितर कुठला आणि लावा कुठला, हे नुसत्या आवाजावरून सांगतात ही पोरं. तेव्हा मात्र कुणी वळून बघत नाही.)

ही खोड जुनी आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. एखाद्याने चोरी केली म्हणून तो चोर, असं नाही. अमक्या जमातीत जन्मला म्हणून चोर! पारधीही त्यात आले. पोलिसांकडे हजेरी द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. अशा कितीतरी कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. सोलापूरला अशी मोठी वसाहत होती.

१९२४ साली कायदा नव्याने लिहिला. त्यातलं एक कलम मुलांविषयी होतं. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सरकारी शाळेत ठेवता येत असे. म्हणजे शाळा हीच शिक्षा झाली की हो!

तिकडे कॅनडातही हेच घडलं. तिथल्या मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुलं घरापासून दूर, निवासी शाळांत नेली. त्यांचे केस कापले. आपल्या भाषेत बोललं की मार बसे. त्यातली शेवटची शाळा १९९६ साली बंद झाली, आणि २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

आपल्याकडचा कायदा १९५२ सालीच रद्द झाला. तरी कुठे चोरी झाली की गाडी आधी बेड्यावरच जाते. आणि भीती? तीही तिथंच राहते.

यंदा शाळा उघडली तेव्हा एक आजी नातवाला घेऊन आली. नाव घातलं, जन्मतारीख लिहिली, तरी ती उठेना. मग हळूच म्हणाली, "बाई, पोट्टा रोज घरी येईन ना?"

"येईल आजी, रोज संध्याकाळी येईल," मी म्हटलं.

तरी पहिले आठ दिवस ती शाळा सुटेपर्यंत फाटकापाशी बसून होती.