उन्हाच्या आधीचे अंजीर

सोलापुरात परसात अंजीर लावणार म्हटले की ऐकणारा आधी उन्हाचेच विचारतो. ऊन त्या झाडाला चालते. मुळात ते पश्चिम आशियाच्या कोरड्या, चुनखडीच्या मुलखातले, त्यामुळे आमची चुनखडीची जमीन आणि बोअरचे जड पाणी त्याला फारसे खुपत नाही. माझी अडचण वेगळी होती. फळ वर्षात कधी येते, कोणत्या काडीवर येते आणि ते वेळेवर यावे म्हणून छाटायचे की छाटायचे नाही, यातले काहीच मला उमगत नव्हते. ज्यांना विचारले त्या दोघांनीही मनापासून सांगितले, पण एकाचे सांगणे दुसऱ्याच्या बरोबर उलटे.

नर्सरीतून पुणेरी अंजिराची दोन रोपे आणली, दोन्ही काडी लावून तयार केलेली. एक जुळे सोलापुरातल्या आमच्या घरामागे जमिनीत लावले. दुसऱ्यासाठी जागा उरली नाही. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, म्हणून घरोघरी निळी पिंपे असतात. त्यातले एक जुने पिंप अर्धे कापून घेतले, बुडाला भोके पाडली, खाली विटांचे तुकडे घातले आणि वर पोयटा, थोडा मुरूम नि शेणखत भरून दुसरे रोप त्यात लावले. पिंपातल्या रोपाकडून तेव्हा मला कसलीच अपेक्षा नव्हती.

पहिले कोडे फुलाचे. मी रोज फुलाची वाट पाहत होते आणि पानाच्या बगलेत एके दिवशी एकदम हिरवी गोळीच दिसली. अंजिराचे फूल बाहेर उमलतच नाही. आपण ज्याला फळ म्हणतो ती आतून पोकळ अशी पिशवी, तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुले आणि बाहेर उघडणारा एकच डोळा. वड, पिंपळ आणि उंबर याच कुळातले. गाणगापूर आणि अक्कलकोट दोन्ही जवळ असलेल्या आम्हा सोलापूरकरांना दत्ताचा औदुंबर आणि स्वामींचा वटवृक्ष लहानपणापासून ठाऊक, पण त्या लाल उंबरांच्या आत फुले आहेत हे मी वयाच्या या टप्प्यावर शिकले.

शेजारच्या काकू जैन आहेत. झाडाला फळे धरलेली पाहून त्यांना आनंद झाला, पण त्यांच्या घरी अंजीर खात नाहीत. पंच उदुंबरांच्या त्यागात तेही येते, आत जीव असतात म्हणून. सोलापुरात ही मर्यादा पाळणारी कितीतरी घरे आहेत. त्यांच्या बोलण्यामुळेच मी आतल्या किड्यांबद्दल वाचायला लागले. उंबराच्या आत बारीक गांधीलमाश्या असतात, त्यांच्याशिवाय उंबराला बी धरत नाही. अंजिरातही काही जाती तशा आहेत. तुर्कस्तानातली स्मर्ना जात कॅलिफोर्नियात नेली तेव्हा झाडे वाढली, पण फळे गळून जात. 1899 मध्ये अंजिराची माशी तिथे रुजवली, तेव्हा कुठे पीक हाती लागले. पुणेरी अंजिराला माशी लागत नाही, परागीकरणाशिवायच त्याचे फळ पोसते. काकूंचा नेम त्यांचा आहे आणि मी त्यांना आग्रह करत नाही. मला मात्र या वाचनातून पुढच्या गोंधळाची किल्ली सापडली, कारण काही जातींचा पहिला बहार माशीशिवाय धरतो आणि दुसऱ्याला माशी लागते, असे त्यात लिहिले होते. म्हणजे एकाच झाडाचे दोन बहार दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझी नणंद इंग्लंडात यॉर्कशरमध्ये राहते. तिच्या भिंतीलगत ‘ब्राउन टर्की’ जातीचे अंजीर आहे. फोनवर ती म्हणाली, “वहिनी, शेंड्याकडच्या काड्यांना कात्री लावू नकोस गं. पुढच्या वर्षीचं फळ त्यांच्यावरच असतं.” तिच्याकडे उन्हाळा इतका तोकडा की नव्या फुटीवर धरलेली फळे पिकायच्या आत थंडी येते. मग नोव्हेंबरात ती सगळी मोठी हिरवी फळे तोडून टाकते आणि शेंड्याजवळच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या तेवढ्या ठेवते. त्या पानगळ झालेल्या काडीवर हिवाळा काढतात, वसंतात फुगतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात. जुन्या काडीवरचा हा आगाप बहार, तिकडचे लोक त्याला ब्रेबा म्हणतात. थंड देशातल्या परसबागेत अंजीर म्हणजे जवळजवळ हाच बहार. त्यासाठी माणसे थंडीत झाडाला कापड गुंडाळतात. पॅरिसजवळच्या आर्जांतय गावचे अंजीर एके काळी नावाजलेले होते. तिथले शेतकरी हिवाळ्यात फांद्या वाकवून चरात मातीखाली झाकत आणि थंडी सरली की उकरून काढत. एवढे श्रम त्या शेंड्यावरच्या गोळ्या वाचवण्यासाठी.

दुसरे सांगणारे पुरंदर तालुक्यातल्या दिवे गावचे एक शेतकरी. जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला गेलो की आम्ही सासवडवरून येतो, आणि माघ-फाल्गुनात त्या रस्त्याला अंजिरे विकायला बसलेली माणसे दिसतात. पुरंदरचे अंजीर म्हणजे महाराष्ट्राचे अंजीर. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, वनपुरी, सिंगापूर ही सगळी अंजिराची गावे. जाधववाडीला कृषी विद्यापीठाचे अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे, ‘फुले राजेवाडी’ ही जात तिथलीच. 2016 साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी आमच्या सोलापूरच्या डाळिंबालाही मिळाले, आणि डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आमच्या केगावला आहे. बहार धरणे, ताण देणे हे शब्द त्यामुळे आम्हाला परके नाहीत. पण डाळिंबाची बाग पाहिलेल्या माणसाला अंजिराचे सगळे कळते असे नाही.

दिवे गावचे ते शेतकरी मामा म्हणाले, “ताई, कात्री लावल्याबिगर अंजीर नाही. नवा फुटवा काढायचा, त्याच्या पानापाशी फळ बसतं.” त्यांच्याकडे दोन बहार. खट्टा बहार पावसाळ्याच्या तोंडाला छाटून धरायचा, त्याची फळे हिवाळ्यात येतात आणि चवीला जरा कमी असतात. मीठा बहार पाऊस ओसरता ओसरता धरायचा. आधी पाणी तोडून ताण द्यायचा, पाने पिवळी पडून गळू लागली की हलकी छाटणी, मग खत आणि पाणी. फळे फेब्रुवारी-मार्चपासून उन्हाळ्यापर्यंत चालतात आणि गोड असतात. फांदीवरचा डोळा निजलेला असेल तर त्याच्या वर सालीला खाच पाडून तो जागा करायचा, हेही त्यांनी बोटाने दाखवले.

एक जण म्हणते शेंडा कापू नकोस, दुसरे म्हणतात कापल्याशिवाय फळ नाही. मी दोघांचे बोलणे वहीत समोरासमोर लिहून काढले. खट्टा बहार म्हणजेच ब्रेबा असावा, दोन्ही पहिले, दोन्ही कमी गोड, असा माझा समज त्या वहीच्या पानावर बरेच दिवस टिकला. दोन्ही याद्यांत ‘काडी’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते पाहिल्यावर उलगडा झाला. नणंदेचे फळ गेल्या वर्षीच्या पान नसलेल्या काडीवर येते. पुरंदरचे दोन्ही बहार यंदाच्या नव्या फुटीवर येतात. खट्टा बहार कात्रीने आणि पावसाने घडवलेला, ब्रेबा झाडाने स्वतः आदल्या हंगामात शेंड्यावर बांधून ठेवलेला. कात्री लागली की तो पहिला जातो.

आता सोलापूरचे काय? पुरंदरचे पठार आमच्यापेक्षा निदान अडीचशे मीटर उंच आणि रात्री गार. पारा चाळिशीकडे गेला की अंजिराचे फळ पुरते पोसण्याआधीच पिकून बसते, साल चिवट होते, गर कोरडा पडतो. आमच्याकडे एप्रिल म्हणजे चाळिशी पार झालेली. म्हणजे मला फळ मार्चअखेर संपायला हवे. यॉर्कशरमध्ये थंडीच्या आधी, इथे उन्हाच्या आधी. नणंदेला आणि मला दोघींनाही आगापच बहार हवा होता, फक्त आमच्या अडचणी वर्षाच्या दोन टोकांना होत्या.

आगाप धरायचा तर ताण ऑगस्टअखेर-सप्टेंबरात द्यायला हवा, आणि सोलापूरचा सर्वांत जास्त पाऊस नेमका सप्टेंबरात पडतो. जमिनीतल्या झाडाला त्या महिन्यात ताण देणे माझ्या हातात नाही. मी पाणी तोडते आणि आकाश देते. काळ्या मातीत तर ओल दिवाळीपर्यंत हटत नाही. शिवाय त्या दमट दिवसांत पानांच्या खालच्या बाजूला तांबेरा येतो, विटकरी भुकटीचे ठिपके आणि मग सरसकट पानगळ. ही पानगळ ताणाची नव्हे, रोगाची, आणि तिच्यामागून येणारी फूट अशक्त असते. दर लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना वेगवेगळे विरघळवून एकत्र केलेले ताजे बोर्डो मिश्रण फवारले की तांबेरा आटोक्यात राहतो. पडलेली पानेही वेचून नष्ट करावी लागतात.

इथे पिंप कामाला आले. नणंदेने बोलता बोलता सांगितले होते की तिच्याकडे अंजीर मोकळ्या जमिनीत लावत नाहीत. खड्ड्याच्या चारी बाजूंना फरश्या उभ्या करतात किंवा कुंडीत लावतात. मुळे आवळली की झाड फांद्या-पाने माजवण्याऐवजी फळाकडे वळते. मी ते तेव्हा कानाआड केले नव्हते, पण माझ्या उपयोगाचे वाटले नव्हते. सप्टेंबरात पिंप घरातल्या दोघांनी मिळून पत्र्याखाली सरकवले. पाऊस बाहेर पडत होता आणि पिंपातली माती कोरडी होत होती. पाने पिवळी पडली, निम्मी गळली. मग मामांनी सांगितल्याप्रमाणे फांद्यांची हलकी छाटणी केली, फक्त भिंतीकडची एक फांदी नणंदेच्या सांगण्याप्रमाणे शेंड्यासकट तशीच राखली. वरचा मातीचा थर बदलला, शेणखत घातले, पिंप उन्हात आणले आणि पाणी सुरू केले.

छाटलेल्या फांद्यांनी आधी फुटवा काढला, पाने मोठी केली, मग पानाआड गोळ्या धरल्या. राखलेल्या फांदीने वाटच पाहिली नाही. नागड्या काडीवर, पान फुटायच्या सुमारास, शेंड्याजवळच्या गोळ्या फुगू लागल्या. फूट काढण्यात जो वेळ जातो तो तिने वाचवला होता. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरत आली तेव्हा त्या काडीवरचे पहिले फळ पिकले. आकाराने मोठे, गर सैल, गोडी बेताची. छाटलेल्या फांद्यांवरची फळे त्यानंतर आली, लहान पण दाट, जांभळट छटेची, आणि होळीच्या आसपास ती खरी गोड झाली. जमिनीतल्या झाडाने आपल्या मर्जीने फळ दिले आणि त्याची निम्मी फळे एप्रिलच्या उन्हात साल चिवट होऊन वाया गेली.

पिकल्याचे ओळखणे हा वेगळाच धडा. अंजीर तोडल्यावर आंब्यासारखे अढीत पिकत नाही, ते झाडावरच पुरते व्हावे लागते. रंगावर विसंबता येत नाही. फळाची मान झुकते, बोटाला मऊ लागते, डोळ्याशी कधी मधाचा थेंब दिसतो, तेव्हा तोडायचे, आणि तेही सकाळी. त्याच्या आदल्या दिवशी बुलबुल आणि कोकिळा येऊन जातात, म्हणून फळ रंगायला लागले की मलमलीच्या लहान पिशव्या बांधते. देठातून निघणारा पांढरा चीक हाताला लागून उन्हात गेले तर कातडीची आग होते, तेव्हा बाही खाली ओढूनच तोडणी करते. फळाच्या डोळ्याला तेलाचा थेंब लावला की ते लवकर पिकते ही जुनी युक्ती आहे, आर्जांतयचे शेतकरीही ती करत. फळ वाढीच्या शेवटच्या टप्प्यात आलेले असेल तरच ती चालते. मी एका काडीवर गोडेतेल लावून पाहिले आणि ती फळे शेजारच्यांच्या आधी पिकली. गोडीत फरक जाणवला नाही, पण बाकीच्यांना घाई करायची मला गरज वाटत नाही.

पाण्याचा नेम मात्र सगळ्यांत अवघड. पिंप लवकर सुकते, आणि सुकल्यावर एकदम भरपूर पाणी दिले की पोसत आलेली फळे उकलतात किंवा गळतात. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी रोज थोडे थोडे घालणे आणि वर उसाच्या पाचटाचे आच्छादन, एवढ्याने आमच्या नळाच्या वेळापत्रकातही झाड सांभाळले जाते.

यंदा पिंपातल्या निम्म्या फांद्या न छाटता राखणार आहे. जानेवारीत जुन्या काडीवरची आणि मार्चपर्यंत नव्या फुटीवरची, अशी दोन्ही फळे एकाच झाडावर मिळतात का ते पाहायचे आहे. झाड दोन्ही ओझी पेलेल की पुढच्या वर्षी थकेल, हे मामांना विचारायचे राहिले आहे. त्यांच्या बागेत सगळे झाड एकाच वेळी छाटले जाते, तेव्हा असा अर्धा प्रयोग त्यांनी कधी केला असेल असे वाटत नाही. पण झाडाचे खोड पाहून त्यात किती ताकद आहे हे ते सांगू शकतात. पौषात जेजुरीला जाऊ तेव्हा खोडाचे आणि फांद्यांचे फोटो काढून नेणार आहे.